स्वयंचलित गिअरच्या गाडीचे तेल : कोणते घ्यावे, कसे बदलावे



शेतकी खात्याच्या या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. गेल्या हंगामात गट ऑफिससमोर लागणाऱ्या मोटारगाड्या मी पाहत होतो. क्लच नसलेल्या, म्हणजे ज्यांना आपण 'ऑटोमॅटिक' म्हणतो अशा गाड्या आता आपल्याकडेही बऱ्याच झाल्या आहेत. कुणी नवी घेतली, कुणी पुण्या-मुंबईहून जुनी आणली. इंजिनचे ऑईल कधी बदलायचे ते सगळ्यांना तोंडपाठ असते. गिअरच्या तेलाचे विचारले की मात्र "ते पण बदलतात व्हय?" असे उत्तर येते. मी काही मिस्त्री नव्हे. शेतकी डिप्लोमा करून या खात्यात आलेला माणूस. पण या तेलाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती निस्तरताना जे कळले ते सभासदांपुढे मांडतो.

काल्हेरला काय झाले

माझा भाचा भिवंडी तालुक्यात काल्हेरला राहतो. ठाण्याहून बाळकुमच्या पुढे कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी रस्त्यावर हे गाव लागते. मूळची खाडीकाठची भातशेती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरचा भाग म्हणून इकडे गोदामे उभी राहिली. जकात २०१७ साली गेली, गोदामे राहिली. भाचा त्यातल्याच एका गोदामात हिशेबाचे काम बघतो. कंटेनरांच्या रांगेतून, त्यात मेट्रोच्या खांबांनी अडलेल्या रस्त्यावरून रोज जायचे, म्हणून त्याने सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली होती.

हंगाम उरकून मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "मामा, गाडी ८५ हजार किलोमीटर पळालीय, पण गिअरचं तेल बदलल्याची नोंद कुठंच दिसत नाही." मी म्हटले, बदलून टाकू, त्यात काय! ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगला लाल तेल घालतात, तेच ऑटोमॅटिक गिअरचे तेल, एवढे मला ठाऊक होते. दुकानातून लाल तेलाचे डबे घेतले आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या मिस्त्रीने एकदाच विचारले, "साहेब, गाडीचं पुस्तक आहे का?" मी मोठ्या ऐटीत सांगितले, "ऑटोमॅटिकचं तेल लालच असतं. घाला." त्याने घातले. दोष त्याचा नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्णा गावाजवळच्या गर्दीत गाडीने घूं-घूं असा आवाज धरला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचे, गाडी मात्र जागची हलायची नाही. मग एकदम हिसका देऊन पुढे जायची. बाजूला घेतली, बंद केली आणि तेव्हा कुठे डॅशबोर्डच्या कप्प्यातले पुस्तक काढले. शेवटच्या पानांत स्वच्छ छापले होते: गाडीची गिअरपेटी सी.व्ही.टी. जातीची, तेल अमुक नंबरचे, दुसरे कोणतेही वापरू नये. पुस्तक आमच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होते.

तेल तिथे नेमके काय काम करते

साध्या गिअरपेटीत तेलाचे काम वंगणाचे. दाते एकमेकांवर घासू नयेत, एवढ्यापुरते. ऑटोमॅटिकमध्ये तेल वंगणाखेरीज आणखी चार कामे करते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात, म्हणजे झाला टॉर्क कन्व्हर्टर. जर्मनीत हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती या तेलातून. दुसरे काम दाबाचे. आतला पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने गिअर पडतात. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलते तसेच. तिसरे, उष्णता वाहून कूलरपर्यंत नेणे.

चौथे काम नाजूक आहे. पेटीत क्लचच्या पातळ चकत्या असतात, त्यांना कागदासारखे अस्तर असते आणि त्या तेलात बुडूनच काम करतात. चकत्या एकमेकींना टेकताना तेलाने त्यांना अलगद सरकू द्यायचे आणि मग घट्ट धरू द्यायचे. निसरडेपणा आणि पकड दोन्ही एकाच तेलात, तेही ठरलेल्या मापात. हे माप ज्या औषधांनी साधतात ती कंपनीगणिक वेगळी, म्हणून तेलेही वेगळी.

याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. जनरल मोटर्सने १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल गाडीत हायड्रामॅटिक ही पेटी दिली. तिच्या तेलासाठी १९४९ साली 'टाईप ए' नावाचे प्रमाण ठरवले आणि १९६७ साली 'डेक्सरॉन' आले. त्या काळी तेलात ती पकड-सरक साधण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना दुसरी औषधे शोधावी लागली. देवमाशाच्या जिवावर आपले गिअर मऊ पडत होते, हे वाचून मला क्षणभर कसेसेच झाले.

लाल रंग हा निव्वळ रंग आहे. गळती झाली तर इंजिनच्या काळ्या तेलापासून ओळखू यावी म्हणून तो घालतात. आतल्या गुणाशी त्याचा काही संबंध नाही. हिरवी, निळी, मधासारखी अशीही तेले मिळतात. हिरवागार दिसतो म्हणून ऊस उताऱ्याला चांगला, असे आपण म्हणतो का?

आपली पेटी कोणत्या जातीची

'ऑटोमॅटिक' हे आडनाव झाले. त्यात चार घरे आहेत. पहिले टॉर्क कन्व्हर्टरचे, वर सांगितले ते. त्याला ए.टी.एफ. लागते, पण तेही कंपनीने सांगितलेल्या नंबरचे.

दुसरे सी.व्ही.टी.चे. यात दात्यांच्या पायऱ्या नसतात. दोन कप्प्या असतात, त्यांच्यावर पोलादी पट्टा किंवा साखळी चालते, कप्प्या आवळतात-सैलावतात आणि वेग बदलतो. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ होते त्यांना चटकन कळेल. चरकाचा पट्टा सरकू लागला की आपण त्याला राळ लावायचो, कुणी तेलाचे बोट लावले तर म्हातारा काठी घेऊन धावायचा. सी.व्ही.टी.मध्ये गंमत अशी की पट्टा तेलातच चालतो, तरी सरकता कामा नये. म्हणून त्याचे तेल खास: लोखंड लोखंडावर घासू देणार नाही, पण पकडही सुटू देणार नाही. मी घातलेले लाल तेल चकत्यांच्या पेटीसाठी बनवलेले होते. पट्टा सरकला, आवाज आला, यात नवल नाही.

तिसरे ए.एम.टी.चे, आणि आपल्याकडे स्वस्त गाड्यांत हेच जास्त. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ आली, तेव्हापासून ही पद्धत आपल्या देशात पसरली. हिच्यात पेटी साधीच असते. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम माणसाऐवजी यंत्र करते. म्हणून या गाडीच्या पेटीला साधे गिअर ऑईल लागते, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे. ए.टी.एफ. मुळीच नाही. ज्या मॉडेलात क्लच दाबणारे यंत्र हायड्रॉलिक असते, त्याची छोटी टाकी वेगळी आणि तिचे तेलही वेगळे. दुकानात जाऊन "ऑटोमॅटिकचं तेल द्या" म्हटले की ए.एम.टी.वाला हमखास फसतो.

चौथे डी.सी.टी., म्हणजे दोन क्लचची पेटी. काहींत क्लच तेलात बुडालेले, काहींत कोरडे. तेल पूर्ण वेगळे. या जातीचे काम कंपनीच्या वर्कशॉपातच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डबा कसा निवडावा

गाडीच्या पुस्तकात शेवटी तेलांचा तक्ता असतो. तिथला नंबर कागदावर उतरवून घ्या आणि तोच दुकानदाराला दाखवा. टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांना डब्ल्यू.एस. नावाचे तेल आहे. होंडाच्या दात्यांच्या ऑटोमॅटिकला डी.डब्ल्यू.-१ आणि सी.व्ही.टी.ला एच.सी.एफ.-२, म्हणजे कंपनी एक, तेले दोन. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या वर्कशॉपात चॅसिस नंबरावरून सांगतात.

दुसऱ्या कंपनीचे तेल चालेल का, असे सभासद विचारतील. चालते, पण डब्यावरची भाषा नीट वाचा. एका डब्यावर लिहिलेले असते की गाडीच्या कंपनीने या तेलाला मान्यता दिली आहे. दुसऱ्यावर असते की हे तेल अमुक गाड्यांसाठी योग्य. पहिल्यात गाडीवाल्याचा शब्द आहे, दुसऱ्यात फक्त तेलवाल्याचा. बियाण्यात निळ्या टॅगचे प्रमाणित आणि कंपनीच्या स्वतःच्या भरवशाचे सत्यतादर्शक, हा फरक आपल्याला कळतो, तसाच हा. सत्यतादर्शक बियाणे वाईटच असते असे नाही, पण जबाबदारी कुणाची ते माहीत असावे. 'सगळ्या गाड्यांना चालणारे' म्हणून जे तेल मिळते, त्याच्या यादीत आपला नंबर नावानिशी नसेल तर घेऊ नये.

डेक्सरॉन-३ हे नाव अजून कित्येक डब्यांवर दिसते. जनरल मोटर्सने २००६ सालानंतर त्या नावाचे परवाने पुढे चालवले नाहीत. २००५ साली आलेले डेक्सरॉन-६ पातळ आहे: १०० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता, म्हणजे आपल्या भाषेत जाडपणा, सुमारे ६ सेंटिस्टोक, जुन्याची सात-साडेसात. तेव्हा "जाड तेल टिकाऊ" हा ट्रॅक्टरवाल्यांचा समज इथे लावू नये. आतल्या वाटा सुतासारख्या बारीक असतात.

ट्रॅक्टरचा विषय निघाला म्हणून एवढेच सांगतो. ज्या ट्रॅक्टरला ऑईल ब्रेक आहेत, त्यांपैकी बहुतेकांत गिअर, डिफरन्शियल, लिफ्ट आणि ब्रेक हे सगळे एकाच टाकीच्या तेलावर चालतात. त्यात कुणी ९० नंबरचे साधे गिअर ऑईल ओतले तर ब्रेक कर्रकर्र करतात, धरत नाहीत. मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असताना आणि पुढे उतार असताना हे घडू नये. वाहतूक करार केलेल्या सभासदांनी हंगामाआधी टाकीत कोणते तेल आहे याची खात्री करावी.

केव्हा बदलावे

पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात. काही कंपन्या 'आयुष्यभराचे तेल' म्हणतात. कुणाचे आयुष्य, ते मात्र सांगत नाहीत. पुस्तकात आणखी एक बारीक टीप बहुधा सापडेल: कडक उन्हात, घाटात, ओझे ओढताना किंवा सतत थांबत-चालत गाडी वापरत असाल तर मुदत कमी धरा. काल्हेरचा रस्ता, आपला उन्हाळा आणि लग्नसराईत सात माणसे भरून काढलेला घाट, हे सगळे त्यात बसते. तेलाचे तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिले तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघता येतो. काळपट झाले, करपलेला वास आला तर उशीर झाला आहे. गुलाबी दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले. कूलर फुटला किंवा गाडी पुरात उभी होती. २०१९ सालच्या पुरात नदीकाठच्या किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिले आहे. तशी गाडी सुरू करून बघण्याचा मोह आवरावा. चकत्यांचे कागदी अस्तर पाण्याने सुटते.

पेटी आधीच घसरत असेल, गिअर पडायला वेळ लागत असेल, तर नवे तेल तिला जिवंत करील ही आशा ठेवू नये. मेलेल्या खोडव्याला युरिया टाकून फुटवे येत नाहीत. यंत्र लावून दाबाने सगळे तेल एकदम ढवळून काढण्याची पद्धतही आहे. जुन्या, दुर्लक्षित पेटीला ती लावू नये, असे मला त्या काल्हेरच्या मिस्त्रीनेच सांगितले आणि मला ते पटले. तळाचा गाळ उठून बारीक वाटांत बसतो.

बदलायचे कसे

ज्या पेटीला तेल मोजायची पट्टी आहे आणि तळाशी साधा बोल्ट आहे, तिचे काम जाणता मिस्त्री गावात करू शकतो. बाकीच्यांनी वर्कशॉप गाठावे, पण समोर उभे राहावे. डबा आपल्यासमोर फुटला पाहिजे.

गाडी सपाट जागी घ्या. नुसत्या जॅकवर उचलून कुणीही खाली शिरू नये, स्टँड लावावेत. तेल कोमट असावे, उकळते नको, हात भाजतो. पहिले काम, आणि हेच बरेच जण विसरतात: भरायचा बोल्ट आधी उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा बोल्ट काढून तेल सोडून दिले असेल, तर गाडी तिथेच अडकली.

मग खालचा बोल्ट काढा. निघालेले तेल फेकू नका, मापून घ्या. जेवढे निघाले तेवढेच भरायचे आहे. बोल्टला किंवा तळाच्या तव्याला चुंबक असते. त्यावर राखाडी चिखलासारखा लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा, पुसून टाका. चमकदार कपचे, तुकडे असतील तर पेटीत काहीतरी तुटत आहे. बोल्टचे वायसर नवे घाला. पुसायला धागे सुटणारी चिंधी वापरू नका. एक धागा आतल्या वाटेत अडकला तरी गिअर चुकतो. पुस्तकात फिल्टर बदलायला सांगितला असेल तर तोही याच वेळी.

भरल्यावर इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून गिअरची दांडी प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवावी, म्हणजे तेल सगळीकडे पोचते. मग पातळी बघायची. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू असताना, तेल गरम असताना बघतात. काहींत इंजिन बंद करून. ज्यांना पट्टी नाही त्यांत ठराविक तापमानाला एक बोल्ट उघडून जादा तेल सांडू देतात. पुस्तक सांगेल तसे करा. कमी भरले तर पंप हवा ओढतो, जास्त भरले तर तेलाला फेस येतो; दोन्हींत दाब जातो.

आता महत्त्वाची गोष्ट. खालचा बोल्ट काढला म्हणजे सगळे तेल निघत नाही. भाच्याच्या गाडीत एकूण सात लिटर तेल, निघाले साडेतीन. उरलेले कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, नळ्यांत. म्हणजे मी घातलेले लाल तेल पेटीत निम्मे होते, आठ आणे. ते काढायचे कसे? २,४-डी मारलेला पंप आपण भाजीपाल्यासाठी वापरण्याआधी एकदा धुऊन थांबत नाही, पुन्हा पुन्हा धुतो. तेच इथे करावे लागले. योग्य नंबरचे तेल आणले, निम्मे काढले, निम्मे भरले, थोडी गाडी फिरवली: लाल तेल चार आणे उरले. पुन्हा तसेच: दोन आणे. तिसऱ्यांदा: एक आणा. तीन वेळचे मिळून साडेदहा लिटर महागडे तेल लागले, आणि पैसे अर्थातच मामाने भरले. दर वेळी चुंबकावर बारीक चमक दिसत होती, ती तिसऱ्या वेळी कमी झाली.

आणखी दोन खेड्यातल्या सवयी

बंद पडलेली गाडी दोर लावून ट्रॅक्टरने ओढत आणणे आपल्याकडे सर्रास चालते. ऑटोमॅटिकला ते करू नका. आतला पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे पेटी कोरडी फिरते. गाडी टेम्पोवर चढवून न्यावी, किंवा निदान ज्या चाकांना ताकद जाते ती उचलून. दुसरे, डिझेल वाचवायला घाटात उताराला न्यूट्रल करणे. त्यात इंजिनचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वाचलेले डिझेल दिसणारही नाही.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, आणि कंपन्यांची वर्कशॉपे ते त्यांच्याकडे पाठवतात. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे त्यात पुन्हा कुणी नकली तेल भरून विकणार नाही.

भाच्याची गाडी आजही काल्हेर-ठाणे रस्त्यावर चालते. हिसके गेले. पण चाळीसच्या पुढे वेग गेला की बारीक घूं असा आवाज अजून येतो. मिस्त्री म्हणतो, पट्ट्यावर ओरखडा उठलाय, तो जायचा नाही. चालेल तेवढी चालवा. मी गाडीत बसलो की भाचा रेडिओ लावतो.

— ऊस विकास अधिकारी